पुरलेले विष आणि विहिरीचे पाणी

जमिनीत पुरले म्हणजे नाहीसे झाले, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. आणि ती अगदीच निराधार होती असेही म्हणता येणार नाही. आमच्या खानदेशात प्रत्येक खळ्याच्या कडेला उकिरड्याचा खड्डा असे. वर्षभर त्यात शेण, चुलीतील राख, गुरांपुढील उष्टा कडबा आणि घरचा केरकचरा पडत असे, आणि आखाजीच्या सुमारास तोच खड्डा उपसला म्हणजे त्यातून काळेभोर, भुसभुशीत, वासरहित खत निघत असे. जे घाण म्हणून टाकले तेच धन होऊन परत आले, हा चमत्कार ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी पाहिला, त्याचा ‘माती सर्व काही पचविते’ या वचनावर विश्वास बसावा यात नवल ते काय? हाच विश्वास पुढे मातीच्या पचनशक्तीबाहेरच्या वस्तूंवर कसा लादला गेला, आणि त्याची किंमत गावोगावच्या विहिरींनी कशी चुकविली, याचा इतिहास आज मी आपणांपुढे थोडक्यात मांडणार आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि हयात मुलांना इतिहास व अंकगणित शिकविण्यात गेली. तथापि या विषयाला त्या दोन्ही गोष्टी लागतात, आणि पुष्कळदा त्या दोनच गोष्टींचा त्यात विसर पडलेला दिसतो.

विहिरीचे पाणी आणि रोग यांचा संबंध शास्त्रीय रीतीने प्रथम जोडला गेला तो १८५४ मध्ये, लंडन शहरी. त्या वर्षीच्या पटकीत ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात सहाशेंवर माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर हिंडून असे दाखवून दिले की, मेलेल्यांपैकी बहुतेक लोक एकाच पंपाचे पाणी पीत होते. पुढे त्या विहिरीशेजारची जमीन उकरून पाहता जवळच्या घराचा शौचकूप विहिरीपासून तीन फुटांच्याही आत निघाला आणि त्याची वीट ढिली झालेली आढळली. त्यानंतर तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख या जर्मन पंडिताने कलकत्त्याच्या तळ्यातील पाण्यात पटकीचा जंतू शोधून काढला, आणि शंकेला जागा उरली नाही. आपल्याकडे पायविहिरीत उतरून घागर बुडविणाऱ्यांच्या पायांतून निघणारा नारू हे याच जातीचे दुसरे उदाहरण होय. त्या पायऱ्या बुजविल्या, लोकांना पाणी फडक्यातून गाळून पिण्याची सवय लावली, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ही विजयाची कथा आहे आणि ती अभिमानाने सांगावी अशी आहे.

परंतु या विजयानेच एक फसवी शिकवण मागे ठेविली. पटकीचा जंतू सजीव असतो. तो मातीतून जाताना गाळला जातो, उपासमारीने मरतो, उकळीने मरतो. म्हणून घाण आणि विहीर यांमध्ये पुरेशी माती आणि पुरेसे अंतर राखले म्हणजे झाले, असा नियम आरोग्यखात्यांनी घालून दिला व तो जंतूंच्या बाबतीत योग्यच होता. शिसे, पारा, क्रोमियम किंवा रंगाच्या कारखान्यातील आम्ले ही मात्र मुळातच निर्जीव असल्यामुळे मरण्याचा प्रश्नच नाही. पाणी उकळले तर त्यांचे प्रमाण कमी होण्याऐवजी, पाणी आटेल तितके वाढतेच. जंतूंसाठी केलेला नियम विषांना लावला, हीच या साऱ्या प्रकरणातील मूळ चूक होय, असे माझे मत आहे.

योगायोग असा की, स्नो यांच्या शोधानंतर दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते आंरी दार्सी यांनी वाळूतून पाणी किती वेगाने जाते याचा नियम प्रसिद्ध केला. वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून त्यांनी मोजमापे घेतली. पाण्याच्या पातळीतील फरक जितका अधिक तितका प्रवाह अधिक, थर जितका जाड तितका प्रवाह कमी, आणि प्रत्येक मातीचा स्वतःचा असा एक गुणांक, इतकाच तो नियम आहे. सातवीतील मुलालाही समजेल इतका तो सोपा आहे. पुरलेले विष विहिरीपर्यंत केव्हा पोहोचेल, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे साधन अशा रीतीने १८५६ पासून मानवाच्या हाती होते. ते त्या कामी वापरण्याची बुद्धी होण्यास मात्र शंभरावर वर्षे जावी लागली.

ही बुद्धी ज्या घटनेने झाली ती अमेरिकेतील नायगारा फॉल्स या शहरात घडली. तेथे लव्ह नावाच्या गृहस्थाने १८९० च्या सुमारास एक कालवा खणावयास घेतला आणि पैसा संपल्याने तो अर्धवट टाकिला. १९४२ ते १९५३ या काळात हूकर नावाच्या रसायन कंपनीने त्या खंदकात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि वर चिकणमातीचे पांघरूण घातले. ती जमीन चिकणमातीचीच होती, म्हणून त्या काळच्या समजुतीप्रमाणे जागा उत्तम होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पुढे १९५३ मध्ये तीच जमीन कंपनीने शाळामंडळास एक डॉलर किमतीस दिली. खरेदीखतात स्पष्ट कलम होते की, या जागेत रासायनिक द्रव्ये पुरलेली आहेत आणि त्यांपासून होणाऱ्या अपायाची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही. म्हणजे कागद होता, त्यावर सही होती, आणि वाचता येणारी माणसेही होती. तरी त्या जागेवर शाळा उभी राहिली! भोवताली घरे झाली, रस्त्यांसाठी व गटारांसाठी चिकणमातीचे पांघरूण फोडले गेले. त्या फटींतून पाऊस आणि बर्फाचे पाणी आत शिरू लागले. तळ मजबूत आणि झाकण फुटके, अशा भांड्याचे जे व्हावयाचे तेच झाले. खंदक न्हाणीच्या टाकीसारखा भरत गेला आणि १९७० नंतरच्या ओल्या वर्षांत काठावरून वाहू लागून घरांच्या तळघरांत उतरला. १९७८ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तेथे आणीबाणी जाहीर केली, शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि १९८० मध्ये अमेरिकेला अशा जुन्या जागांच्या सफाईसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

आता आपल्या देशाकडे वळू. राजस्थानात उदयपूरजवळ बिच्छडी नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यांच्या आवारात १९८८ च्या सुमारास ‘एच ॲसिड’ नावाचे, कापडाच्या रंगांसाठी लागणारे एक द्रव्य तयार होऊ लागले. त्याचे उत्पादन जेमतेम काही महिने चालले आणि झालेला माल पावणेचारशे टनांच्या आसपास होता. पण या मालामागे उरलेला गाळ सुमारे अडीच हजार टन होता. माल विकला गेला, गाळ उघड्यावर राहिला. पावसाचे पाणी त्या गाळातून झिरपले आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी लालसर काळपट झाले. ते माणसांच्या पिण्याचे राहिले नाही, गुरांच्या नाही, आणि शेतीच्याही नाही. गावकरी संतापून उठले तेव्हा अधिकाऱ्यांना जमावबंदी पुकारावी लागली आणि १९८९ च्या आरंभी कारखाना बंद झाला.

कारखाना बंद पडला तरी पाणी मात्र बिघडत राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने पाहणीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेस, म्हणजे ज्या ‘नीरी’ची स्थापना १९५८ मध्ये झाली तिला, पाचारण केले. गाळाचा काही भाग मातीत मिसळून वर माती लोटून दडविण्यात आला होता, हेही न्यायालयापुढे आले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला, आणि ‘ज्याने घाण केली त्याने निस्तरावी’ हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्यात त्या निकालाने पक्के बसले. एवढे झाल्यावर पैसा वसूल झाला असेल असे आपणांस वाटेल. कंपन्यांनी अर्जांवर अर्ज करून आणखी पंधरा वर्षे काढली. २०११ मध्ये न्यायालयाने पुन्हा निकाल देऊन ३७ कोटींहून अधिक रकमेवर चक्रवाढ व्याज लावले. काही महिन्यांचे उत्पादन आणि बावीस वर्षांचा दावा! चक्रवाढ व्याजाचे गणित मुलांना शिकविताना आम्ही सावकार आणि शेतकरी यांची उदाहरणे घेत असू. हे उदाहरण अधिक चांगले ठरले असते.

भोपाळचे नाव घेतले म्हणजे १९८४ ची ती रात्र आठवते. परंतु त्या कारखान्याची दुसरी कथा जमिनीखालची आहे, आणि ती त्या रात्रीच्या आधी सुरू झाली होती. १९७७ मध्ये कारखान्याच्या बाहेर द्रवरूप कचरा उन्हाने आटविण्यासाठी तळी बांधली होती व त्यांच्या तळाशी प्लॅस्टिकचे अस्तर होते. १९८२ मध्ये ही तळी गळत असल्याची चिंता कंपनीच्या स्वतःच्याच पत्रव्यवहारात नमूद झाली. कारखाना बंद पडल्यावर आवारातील कचरा तसाच राहिला, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास असा हुकूम द्यावा लागला की, भोवतालच्या वस्त्यांना दुसरीकडून पिण्याचे शुद्ध पाणी द्यावे. साठवून ठेविलेला ३३७ टन कचरा दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, धार जिल्ह्यातील पिथमपूरला नेण्यात आला आणि त्या वर्षाच्या मध्यास जाळण्यात आला. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागत असल्याने उरलेली राख वजनाने मूळ कचऱ्याहून अधिकच भरली, आणि ती कोठे पुरावी हा वाद पुन्हा न्यायालयात गेला. जळले तरी उरते आणि उरले ते पुरावेच लागते, म्हणून पुरण्याच्या जागेचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

महाराष्ट्रालाही याची ओळख आहे. पुण्याचा केरकचरा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडू लागला. हा कचरा कायद्याच्या भाषेत ‘धोकादायक’ वर्गातलाही नव्हे, नुसता शहरी केरच. तरी त्याच्या ढिगातून पाझरणाऱ्या काळ्या पाण्याने तेथील विहिरी बिघडल्या आणि गावकऱ्यांना टँकरने पाणी पुरविण्याची वेळ आली. घरच्या केराची ही गत, मग कारखान्याच्या गाळाची काय असेल याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

धोकादायक कचऱ्याविषयीचे पहिले नियम भारत सरकारने १९८९ च्या जुलैमध्ये, भोपाळनंतर झालेल्या १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली केले. नियम झाले तरी पुरण्याच्या जागाच तयार नव्हत्या. १९९५ मध्ये एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, १९९७ मध्ये प्राध्यापक एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली गेली, आणि २००३ च्या हुकुमानंतर राज्ये हलू लागली. आज महाराष्ट्रात तळोजे, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्यासाठी सामायिक व्यवस्था आहेत. चारही ठिकाणे वरणगावाहून शेकडो किलोमीटर दूर. सध्या लागू असलेले नियम २०१६ चे आहेत.

अशा जागेचा तळ कसा बांधतात तेही पाहू. खाली दाबून बसविलेली चिकणमाती, तिच्यावर किमान दीड मिलिमीटर जाडीची चिवट प्लॅस्टिकची चादर, तिच्यावर पाझर गोळा करणारा वाळूखडीचा थर व नळ्या, आणि अतिधोक्याच्या ठिकाणी हाच सारा प्रकार दुहेरी. पाझराचे पाणी चादरीवर वीतभराहून फारसे साचू द्यावयाचे नाही. चिकणमातीची परीक्षा अशी की, तिच्यातून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून अधिक वेगाने जाता कामा नये. हा आकडा ऐकून मन निश्चिंत होते. जरा हिशेब करू. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात, म्हणजे वर्षाला सव्वातीन सेंटिमीटरांस थोडे कमी. थर ४५ सेंटिमीटरांचा धरला तर चौदा वर्षे. पण पाणी मातीच्या कणांतून नव्हे, कणांमधल्या पोकळीतून जाते. पोकळी निम्मी धरली तर वेग दुप्पट, म्हणजे सातच वर्षे. आणि वर साचलेल्या पाण्याचा दाब वाढला तर त्याहूनही कमी. म्हणून खरी भिस्त चादर अखंड राहण्यावर आणि वरचे झाकण शाबूत राहण्यावर आहे. चादरीचे तुकडे जागेवर वितळवून जोडावे लागतात, आणि गळती होते ती बहुधा त्या सांध्यांतून किंवा टोकदार खड्याने पडलेल्या भोकातून.

दुसरा हिशेब याहून मनोरंजक आहे. कचरा धोकादायक की नाही हे ठरविण्यासाठी त्याचा नमुना सौम्य आम्लाच्या वीसपट द्रवात अठरा तास घुसळतात आणि त्या द्रवात किती विष उतरले ते मोजतात. शिशाची मर्यादा दर लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. ही पद्धत अमेरिकेची, आणि तिच्या मुळाशी गृहीत असे आहे की, पाझर विहिरीपर्यंत जाईतो शंभरपट पातळ होईल. ज्या काळी पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम होती, त्या काळी हे गणित बरोबर जमत होते. ०.०५ ला शंभराने गुणले की ५. पुढे शिसे अल्प प्रमाणातही बालकांच्या बुद्धीस अपाय करते असे सिद्ध झाले, आणि आपल्या भारतीय मानकाने २०१२ मध्ये पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०१ वर आणली. कचऱ्याची मर्यादा मात्र ५ वरच राहिली. म्हणजे आता पाझर पाचशेपट पातळ होईल असे आपण मानावयाचे! एक आकडा बदलला आणि त्याचा जोडीदार विसरला गेला. पाटीवर असे गणित आले असते तर मी त्याला पुरे गुण दिले नसते.

आता वरणगाव. भुसावळ तालुक्यातील हे गाव तापीच्या दक्षिणेस, नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. पूर्वेस चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते, जवळच हतनूरचे धरण आहे. १९६४ पासून येथे बंदुकीच्या काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. तो २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. भुसावळात रेल्वेची मोठी कामशाळा, तेथेच १९४९ चा दुसरा आयुधनिर्माणी कारखाना, आणि दीपनगरला १९६८ पासून कोळशावर चालणारे वीजकेंद्र. यांपैकी कोणावर मी काही आरोप करीत नाही, आणि तसे करण्यास माझ्यापाशी आधारही नाही. परंतु धातू, आम्ले, तेले आणि राख यांचा जेथे इतका वावर आहे, तेथील नागरिकांनी आपल्या पायाखालच्या जमिनीचा स्वभाव ओळखून असणे हे शहाणपणाचे होईल.

हा स्वभाव मोठा विचित्र आहे. वर काळी माती. ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातून पाणी जाणे दुरापास्त होते. पाझर अडविण्यासाठी जगभर वापरतात ती बेंटोनाइट माती हिचीच बहीण. म्हणून कोणी म्हणेल की, निसर्गाने येथे फुकटचे अस्तर घातले आहे. पण हाच मनुष्य वैशाखात आमच्या शेतात आला तर त्याचा पाय भेगेत अडकेल! भुसावळचे ऊन प्रसिद्धच आहे. उन्हाळ्यात या मातीला हातहात खोल भेगा पडतात, आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. माती फुगून भेगा मिटेपर्यंत पुष्कळ पाणी गेलेले असते. म्हणजे ज्या दिवसांत वर्षभराचे सुकलेले विष धुऊन निघावयाचे, नेमक्या त्याच दिवसांत हे अस्तर उघडे असते.

मातीखाली मुरूम, मुरमाखाली दक्खनचा काळा पाषाण. हा ज्वालामुखीच्या रसाचा, थरावर थर साचून झालेला. काही थर घट्ट, काही विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसे छिद्रांचे, आणि मध्ये कोठे कोठे गेरूसारखी लाल माती. घट्ट थरातही उभ्या भेगा असतात, आणि पाणी चालते ते या भेगांतून व थरांच्या सांध्यांतून. दार्सी यांचा नियम वाळूसाठी होता. येथे मात्र एका बांधावरच्या विहिरीस धो धो पाणी आणि पन्नास पावलांवरची कोरडी, हा अनुभव खानदेशातील कोणता शेतकरी सांगणार नाही? विषाची देखरेख करण्यासाठी सामान्यतः जागेच्या वरच्या अंगास एक आणि खालच्या अंगास तीन अशा निरीक्षण-विहिरी पाडण्याची रीत आहे. वाळूच्या प्रदेशात ही पुरेशी होईल. आमच्या पाषाणात तीनही विहिरी भेग चुकवून बसू शकतात आणि अहवाल वर्षानुवर्षे निर्मळ येऊ शकतो, तर भेग ज्या शेतकऱ्याच्या विहिरीत उघडते त्याच्या मात्र ते पाणी नशिबी येते. म्हणून अशा जागेचे मोजमाप करणाऱ्याने यंत्राने भेगा शोधाव्यात हे खरेच. पण त्याआधी गावातील दोन वृद्ध विहीरखोदे गाठून विचारावे. ही सूचना कोणाला गावंढळ वाटेल, तरी मी ती मागे घेणार नाही.

तापीच्या काठाने मात्र गाळाची जमीन आहे, आणि पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तो गाळ फार खोल जातो. रावेर आणि यावल तालुक्यांतील केळीच्या बागा याच पाण्यावर पोसल्या, आणि तेथील अतिउपसा शासकीय भूजल-मूल्यांकनांत वारंवार नोंदला गेला आहे. उपशाचा संबंध विषाशी काय, असे कोणी विचारील. पाणी उताराकडे चालते, पण जमिनीखालचा उतार कायमचा नसतो. जेथे रात्रंदिवस पंप चालतो तेथे पाण्याची पातळी खचते आणि भोवतालचे पाणी तिकडे ओढले जाते. विष पुरताना जे शेत वरच्या अंगास होते, तेच वीस वर्षांनी पाण्याच्या दृष्टीने खालच्या अंगास आलेले असू शकते.

शिवाय सर्व विषे एका चालीची नसतात. आमची काळी माती चुनखडीची, किंचित खारट गुणाची. शिसे अशा मातीत लवकर जखडून बसते आणि फार दूर जात नाही. त्याबरोबर आम्ल पडले तर मात्र ते सुटून चालू लागते. क्रोमियमचे नेमके उलट. त्याचा जो प्रकार कातडी व मुलामा यांच्या धंद्यांतील गाळात विषारी ठरतो, तो अशाच अम्लविरोधी मातीत पाण्याबरोबर मोकळा वाहतो. आणि यंत्रांचे तेलकट भाग धुण्याचे काही द्रव पाण्याहून जड असल्याने पाण्याच्या उताराला न जुमानता सरळ खाली बुडतात व खडकाच्या खळग्यांत वर्षानुवर्षे साचून राहतात. ‘येथील माती चांगली आहे’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या विषासाठी चांगली, हा प्रश्न विचारावा.

पाऊस कमी म्हणून धोका कमी, असेही ऐकू येते. आमच्याकडे पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर. एक हेक्टर जागेवर हे पाणी ७० लाख लिटर होते. झाकण फुटके असून त्यातील दहावा हिस्सा जरी आत उतरला तरी ७ लाख लिटर पाझर दर वर्षी तयार होईल, आणि तो चार महिन्यांतील मोजक्या सरींत उतरेल.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७१ पासून काम करीत आहे. तिच्या निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत घेतली जाते. पाण्याचा साठा मोजण्यास ही वेळापत्रके योग्य आहेत. परंतु वर भेगांचे जे सांगितले ते ध्यानात घेता, विषाचा माग काढावयाचा तर जूनअखेरचा एक नमुना, पहिल्या दोन जोरदार पावसांनंतर, घेतलाच पाहिजे असे मला वाटते. आणि जागा वापरात येण्यापूर्वी भोवतालच्या प्रत्येक विहिरीचे पाणी तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत ठेवले पाहिजेत. मूळचे पाणी कसे होते याचा कागद नसला म्हणजे पुढे दोन्ही पक्षांचे वकील काय वाटेल ते बोलू शकतात.

शेवटी काळाचा प्रश्न राहिला. जागा भरून बंद झाल्यावर तीस वर्षे तिची देखरेख करावी, अशी आपल्याकडील व्यवस्था आहे. तीस वर्षे म्हणजे एक पिढी. शिसे आणि कॅडमियम यांना पिढ्या ठाऊक नाहीत. प्लॅस्टिकची चादर किती टिकेल याचे अंदाज शास्त्रज्ञ शतकांत देतात, पण ते प्रयोगशाळेतील उष्णतेवरून बांधलेले असून, आच उष्ण तसा ऱ्हास जलद, हे त्यांनीच सांगितले आहे. नायगाऱ्याच्या खरेदीखतात सारे लिहिलेले असूनही पंचवीस वर्षांत ते विस्मरणात गेले, याचा विचार केला म्हणजे मला आमच्या तलाठ्याच्या दप्तराची आठवण होते. आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना आहे. त्यात सोसायटीचे दोन हजारांचे कर्जही नोंदले जाते, आणि जमीन विकत घेणारा मनुष्य पहिल्याने तोच रकाना वाचतो. ज्या गटात धोकादायक कचरा पुरला असेल त्या गटाच्या आणि त्याच्या खालच्या अंगास असलेल्या शेजारगटांच्या उताऱ्यावर, काय पुरले, किती पुरले आणि कोणत्या वर्षी, हे तीन शब्दांत लिहिले जावे. त्यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको, फक्त एक फेरफार नोंद पुरे. वरणगावच्या शिवारात अशी जागा आज असो वा नसो, भुसावळ-जळगावच्या औद्योगिक वसाहती वाढत आहेत आणि जागेचा शोध केव्हातरी सुरू होईल. त्या दिवशी ग्रामसभेत जो नकाशा मांडला जाईल त्यावर विहिरी दाखविल्या आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे, आणि नसल्या तर त्या तेथेच, सर्वांसमक्ष, पेन्सिलीने काढून घ्याव्यात.